फळी फसली, चाक चाललं: वाळूजच्या एका स्केटबोर्ड कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

१९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपची रांग लागली. हे प्रकरण त्यातल्याच एका शेडमधलं आहे. कंपनीचं आणि माणसांची नावं गाळली आहेत.

शेडमधलं मूळ काम पीयू कास्टिंगचं, म्हणजे पॉलियुरेथेन ओतून वस्तू बनवायचं. हँड पॅलेट ट्रकची चाकं, कन्व्हेयरच्या रोलरवरचं अस्तर, प्रेस टूलचे बफर, बुश. यंत्रसामग्री म्हणाल तर दोन ओव्हन, एक व्हॅक्यूम चेंबर, तीन लेथ आणि बेअरिंग-बुश दाबायला ३० टनी हायड्रॉलिक प्रेस. भागीदार दोघे. थोरले, ज्यांना सगळे ‘दादा’ म्हणतात, ते उत्पादन बघत. धाकटे ‘भैय्या’ खरेदी-विक्री सांभाळत. लेथवरचे जुने टर्नर सगळ्यांचे ‘मामा’.

२०२१च्या जुलैअखेर टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच आलं आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण घेतलं. वर्षभराने गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही हा खेळ होता. मराठवाड्यात चार चाकी आणि इनलाइन स्केटिंगचे क्लब आधीपासून आहेत. संभाजीनगर, नांदेड, लातूरला सकाळ-संध्याकाळ पोरं रिंगणात फिरताना दिसतात. त्या क्लबांतल्या पालकांनी ऑनलाइन बोर्ड मागवायला सुरुवात केली. स्वस्त बोर्ड महिना-दीड महिन्यात मोडायचे. एका प्रशिक्षकाने मोडलेला बोर्ड भैय्यांच्या टेबलावर आणून ठेवला आणि विचारलं, असा एक टिकाऊ करून देता का.

बोर्ड उघडला तर आत काय? सात पातळ थरांची वाकवलेली फळी, ॲल्युमिनियमचे दोन ट्रक (फळीखाली बसणारे, चाकांचा एक्सल धरणारे भाग), चार चाकं, आठ ६०८ नंबरची बेअरिंगं, आठ बोल्ट आणि वर सॅंडपेपरसारखी ग्रिप टेप. ६०८ बेअरिंग (भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७) वाळूजच्या कुठल्याही दुकानात मिळतं. दोघांना वाटलं, यात अवघड ते काय. स्केटबोर्ड कंपनी काढायची म्हणजे बोर्ड बनवायचा, हे त्यांनी गृहीतच धरलं. पुढचं सगळं या गृहीतकातून आलं.

अडचण

पहिला प्रयत्न १२ मिमी कमर्शियल प्लायचा. सपाट फळी कापली, मागचं टोक नुसतं तिरपं घासलं. पाचव्या-सहाव्या उडीला टोक ट्रकच्या भोकांच्या रेषेत मोडलं. यावर वेळ घालवायची गरज नव्हती. वाकवलेल्या थरांतली ताकद सपाट प्लायमधून येत नाही. शिवाय गुर्जनसारख्या लाकडात तेलकट राळ असली की बाहेरचा थर सुटतो.

दुसरा प्रयत्न गांभीर्याने झाला. प्लायवूड मिलकडून दीड मिमी जाडीचे सिल्व्हर ओकचे व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ थर, मागवले. सात थर लावले, पाच उभ्या रेषांचे आणि दोन आडव्या. आडवे दोन नसतील तर फळी लांबीत चिरते. तीन केले तर लांबीतली लवचिकता जाते आणि टोक कडकन तुटतं. साचा त्यांनी स्वतःच बनवला: लाकडी गाभा, वर पीयूचा थर, मध्ये खोलगट भाग आणि दोन्ही टोकांना सुमारे २० अंशांची चढण. गोंद पाण्यावर आधारलेला, पीव्हीए जातीचा.

प्रेसचं गणित असं होतं. कापण्याआधी व्हिनियरचा तुकडा ८५ बाय २५ सेंमी, म्हणजे २,१२५ चौरस सेंमी. कठीण लाकडाला या गोंदासाठी चौरस सेंमीला १० किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणजे एकूण २१ टन. प्रेस ३० टनी, तेव्हा कागदावर सगळं ठीक. पण त्या प्रेसला मधोमध एकच रॅम (दाब देणारा दांडा) आणि त्याखाली ४० सेंमीची प्लेट. दाब मध्ये बसायचा आणि टोकांकडे कमी पडायचा. स्केटबोर्ड झिजतो आणि सुटतो तो नेमका टोकांना. पुढे साच्यावर दोन आय-बीम, म्हणजे पोलादी तुळया, आडवे टाकून दाब टोकांपर्यंत नेला. तोवर पहिली साठ बोर्डांची तुकडी क्लबांकडे गेलेली होती.

फेब्रुवारीत दाबलेले बोर्ड तरीही बरे निघाले. मे महिन्यातले निघाले नाहीत.

मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४२च्या पुढे आणि हवेत दमट असं काही नाही. सात थरांना सहा गोंदरेषा. बोर्डागणिक साधारण २३० ग्रॅम गोंद रोलरने लावायचा, थर नीट जुळवायचे, साच्यात ठेवायचे, मग दाबायचे. २५ अंशांना या गोंदाला दहाएक मिनिटं मिळतात. मे महिन्यात तीन-चार. शेवटचा थर ठेवेपर्यंत पहिल्या रेषेवर साय धरलेली असायची. वरून बोर्ड अगदी घट्ट दिसायचा. पंधरा दिवस वापरला की टोकाला नखाएवढी फट पडायची आणि मग पुस्तकाची पानं सुटावीत तसे थर मोकळे व्हायचे.

ऑगस्टमध्ये उलटी गत. शेडमध्ये उघडे ठेवलेले व्हिनियर मे महिन्यात ४-५ टक्के ओलाव्यावर होते, पावसाळ्यात तेच १५-१६ टक्क्यांवर गेले. दाबण्यासाठी हवा ६ ते ८ टक्के. त्यात गोंदाचं पाणी वेगळं. चौरस मीटरला १८० ग्रॅम गोंद, त्यातलं निम्मं पाणी, सहा रेषा: म्हणजे चौरस मीटरभर फळीच्या सव्वासात किलो लाकडात अर्धा किलो पाणी. नुसत्या गोंदाने लाकडाचा ओलावा सात टक्के वाढतो, हे पहिल्या दिवशी कुणी मांडून पाहिलं नव्हतं. प्रेसमधून काढलेला बोर्ड दुसऱ्याच दिवशी कापला जायचा. आतला ओलावा पुढचे आठ दिवस बाहेर पडत राहायचा, एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी, आणि बोर्ड पिळवटायचा. चार चाकांपैकी तीनच जमिनीला लागतात म्हणून परत आलेले बोर्ड याच महिन्यांतले.

मामांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं: “दादा, लाकूड उन्हाळ्यात वाळायलंय अन् पावसाळ्यात फुगायलंय, आपुन मातर बाराही महिने एकच रीत धरलीया.”

आधीच्या कंपन्यांनी काय केलं होतं

या टप्प्यावर भैय्यांनी जुन्या कंपन्यांचा इतिहास काढला. तो थोडक्यात इथं देणं भाग आहे, कारण निर्णय त्यातूनच फिरला.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात सर्फिंगवाल्यांनी स्केटबोर्डची पहिली लाट आणली. लॅरी स्टीव्हन्सनची मकाहा ही त्यातली ठळक कंपनी. फळ्या चांगल्या होत्या, पण चाकं मातीच्या मिश्रणाची, रस्त्यावर पकड नसलेली. खडा लागला की चाक जागीच थांबायचं आणि माणूस पुढे जायचा. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली आणि १९६५च्या अखेरीस बाजार जवळजवळ एका हंगामात कोसळला. स्टीव्हन्सनने पुढे मागचं टोक वर वळवलेल्या फळीचं, म्हणजे किकटेलचं, पेटंट घेतलं. सुधारणा मोठी होती, तरी नुसत्या फळीच्या जोरावर खेळ परतला नाही.

परतला तो चाकामुळे. फ्रँक नॅसवर्दीने व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या क्रिएटिव्ह युरेथेन्स या कारखान्यात पॉलियुरेथेनची चाकं पाहिली. ती बनत होती रोलर स्केटसाठी. त्याने ती स्केटबोर्डवर बसवली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅडिलॅक व्हील्स या नावाने विकायला काढली. रस्ता तोच, फळी जवळजवळ तीच. चाक बदललं आणि धंदा पुन्हा उभा राहिला.

सांताक्रूझची एनएचएस ही कंपनी नोव्हॅक, हॉट आणि शुअरमन या तीन मित्रांची. मूळ धंदा सर्फबोर्डच्या कच्च्या मालाचा. १९७३मध्ये हवाईहून ५०० स्केटबोर्डची मागणी आली, ती पुरवली, आणि त्यातून सांताक्रूझ हा ब्रँड उभा राहिला. पण कंपनीला पाया मिळाला तो रोड रायडर चाकांनी. तोवर चाकांत सुट्या गोळ्या असत, त्या सांडत आणि खडखडत. रोड रायडरमध्ये बंद प्रिसिजन बेअरिंग बसवलेलं होतं. जॉर्ज पॉवेल हा अभियंता. त्याच्या बोन्स चाकांचं नाव आधीच झालेलं होतं, आणि १९७८मध्ये स्टेसी पेराल्टा या खेळाडूला सोबत घेऊन त्याने पॉवेल पेराल्टा काढली.

नंतरच्या दशकांत तर फळीचं काम बऱ्याच ब्रँडनी सरळ बाहेर दिलं. दुकानात शेजारी-शेजारी लटकणाऱ्या वेगवेगळ्या नावांच्या फळ्या अनेकदा एकाच लाकूड कारखान्यात दाबलेल्या असतात. चित्र वेगळं, आकार थोडा वेगळा, प्रेस एकच.

यातून भैय्यांनी काढलेला अर्थ बरोबर होता: स्केटबोर्ड कंपनी सगळे भाग बनवत नाही. एक भाग असा बनवते, जो तिच्याइतका चांगला दुसऱ्याला जमत नाही. बाकीचे नीट पारखून विकत घेते. प्रश्न उरला तो आपला भाग कोणता. शेडमध्ये पंधरा वर्षं पीयू ओतणाऱ्यांना हे उत्तर सुचायला वेळ लागला, कारण डोक्यात फळी बसली होती.

पर्याय

चार पर्याय टेबलावर होते.

पहिला, फळीचं काम सुधारणं. त्यासाठी वातानुकूलित बंद खोली, डीह्युमिडिफायर, ओलावा मोजायचं मीटर, पूर्ण लांबीला सारखा दाब देणारा नवा प्रेस. शिवाय लाकूड बदलून कॅनडाचं हार्ड मेपल आणणं. १९७०च्या दशकापासून सात थरांचं मेपल हेच या धंद्याचं माप आहे. झाड थंडीत हळू वाढतं, रेषा दाट असतात, आणि फटका खाऊनही परत सरळ होण्याचा गुण त्यात आहे. सिल्व्हर ओक आकाराला छान, पण टोकाची उसळी मेपलची नाही. अडचण अशी की मेपलचे व्हिनियर पॅलेटने घ्यावे लागतात, पैसे डॉलरमध्ये आणि आगाऊ, आणि माल आल्यावर तो सांभाळायला पुन्हा तीच बंद खोली हवी.

दुसरा, बाहेरून तयार कोऱ्या फळ्या आणून त्यावर आपलं चित्र आणि नाव टाकणं. भांडवल कमी. पण मग आपल्यात आणि ऑनलाइन विक्रेत्यात फरक काय, हा दादांचा प्रश्न रास्त होता. मेरठ-जालंधरची खेळसाहित्याची बाजारपेठ हे काम वाळूजपेक्षा स्वस्तात करू शकते.

तिसरा पर्याय ट्रक. वाळूजमध्ये ॲल्युमिनियम डायकास्टिंगवाले गल्लोगल्ली आहेत, म्हणून हा मोहात पाडणारा होता. पण हँगरच्या, म्हणजे ट्रकच्या आडव्या भागाच्या, आत पोलादी एक्सल ओतताना पक्का धरला गेला पाहिजे, नाहीतर तो फिरतो किंवा सरकतो. ट्रक जोडून धरणाऱ्या मधल्या बोल्टचं, म्हणजे किंगपिनचं, पोलाद आणि उष्णतोपचार वेगळे. डायचा खर्च निघायला जेवढे नग लागतात तेवढी मागणी सबंध मराठवाड्यात नव्हती. दोन दिवसांत हा पर्याय फुली मारून बाजूला ठेवला, आणि ते योग्यच झालं.

चौथा पर्याय कुणी सुचवला नव्हता. तो तक्रारींच्या वहीत होता. ऑफिसातल्या मुलीने परत आलेल्या बोर्डांची वही ठेवली होती. दादांनी ती पहिल्यांदा शांतपणे वाचली तेव्हा दिसलं की थर सुटण्याच्या तक्रारी दुसऱ्या नंबरवर आहेत. पहिल्या नंबरवर होतं ते हे: ‘खडी लागली की बोर्ड थांबतो’, ‘कॉलनीच्या रस्त्यावर लई हादरे बसतात’, ‘फक्त रिंगणातच चालतो’. चाकं बाजारातून आणलेली, ५२ मिमीची, ९९ए कडकपणाची (‘ए’ हे कडकपणाचं माप, आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). ती गुळगुळीत काँक्रीटच्या पार्कसाठी असतात. आपल्याकडच्या डांबरी रस्त्यावर, त्यावरच्या बारीक खडीवर आणि काळ्या मातीच्या वाळलेल्या ढेकळांवर ती चालणार नव्हतीच. १९६५मध्ये अमेरिकेत जे झालं, तेच लातूरच्या कॉलनीत होत होतं.

निर्णय आणि कृती

फळी दाबणं बंद करायचं, तयार सात थरांच्या मेपल फळ्या मोजक्या संख्येने आणायच्या आणि चाक स्वतः बनवायचं, असं ठरलं. लक्ष्य ६० मिमी व्यास, ७८ए कडकपणा, खराब रस्त्यासाठी.

इथंही पहिला घास कडूच निघाला. शेडमधलं रोजचं पीयू ट्रॉलीच्या चाकाचं होतं: पॉलिएस्टर प्रीपॉलिमर (पीयूचा अर्धवट तयार, घट्ट द्रव माल), टीडीआय या आयसोसायनेट रसायनाच्या जातीचं, त्यात मोका हे क्युरिंगचं, म्हणजे माल पक्का करणारं, रसायन. वजन पेलायला उत्तम, तेल-ग्रीसला दाद न देणारं. त्याचीच मऊ ग्रेड घेऊन स्केटची चाकं ओतली. मामांनी शेडच्या बाहेर बोर्ड ढकलून पाहिला आणि म्हणाले, “चाक गरम व्हायलंय, पण पळंना.”

निदान अचूक होतं. चाक रस्त्यावर दबतं आणि परत फुगतं. दबताना घेतलेली ऊर्जा त्याने परत दिली तर ते पळतं, आत ठेवली तर तापतं. त्यांनी साधी चाचणी लावली. एक मीटरवरून तुकडा फरशीवर सोडायचा. ट्रॉलीचं पीयू ३०-४० सेंमी उसळायचं, चांगल्या स्केट चाकाचं ६०च्या पुढे. उपाय रसायनात होता: पीटीएमईजी जातीचं पॉलिइथर आणि एमडीआय हे दुसरं आयसोसायनेट यांवर आधारलेलं प्रीपॉलिमर, क्युरिंगला १,४ ब्युटेनडायॉल, म्हणजे बीडीओ. माल महाग, पण उसळी त्यातच. दुसरा फायदा असा की मोका हा कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेला पदार्थ आहे. लहान मुलांच्या वस्तूतून आणि कामगारांच्या हातातून तो गेला, हे बरंच झालं.

पद्धत शेवटी अशी बसली:

प्रीपॉलिमर ७० ते ८० अंशांना गरम करून व्हॅक्यूमखाली फेस बसेपर्यंत ठेवायचं. साडेसहा टक्के एनसीओ (आयसोसायनेटचा, बीडीओशी जुळणारा भाग) असलेल्या १०० भाग प्रीपॉलिमरला बीडीओ ६.६ भाग, म्हणजे सगळ्या एनसीओला पुरेल त्या पूर्ण प्रमाणाच्या ९५ टक्के. दोन किलोला १३२ ग्रॅम. इथं दहा ग्रॅम जास्त पडले तर प्रमाण १०२ टक्क्यांवर जातं आणि चाकाच्या कडेचे टवके निघायला लागतात. ट्रॉलीच्या चाकांसाठी पाच ग्रॅमचा काटा चालत होता, इथं एक ग्रॅमचा घ्यावा लागला. नेमका कडकपणा प्रीपॉलिमरच्या ग्रेडवर ठरतो, म्हणून प्रत्येक ड्रमवरचा एनसीओ आकडा बघून बीडीओ नव्याने मोजायचं.

मिसळल्यावर हातात पाच-सहा मिनिटं. एका चाकाला साधारण १०० ग्रॅम माल, म्हणजे दोन किलोत अठरा-वीस चाकं. साचे आधीच १०० ते ११० अंशांना तापवलेले हवेत. थंड साच्यात ओतलं की चाकाच्या तळाशी चिरा दिसतात. तासाभराने काढायचं, मग १०० अंशांना १६ तास ओव्हनमध्ये पक्कं होऊ द्यायचं. घाईने आठ तासांत काढलेली चाकं हाताला तशीच लागतात, पण रस्त्यावर दुप्पट झिजतात.

शेवटी लेथ. बाहेरचा आकार, कडेची गोलाई आणि बेअरिंगची बैठक. दोन बेअरिंगांमध्ये १० मिमीचा स्पेसर बसला पाहिजे. स्पेसर टाळला तर नट आवळताना बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि चाक घट्ट होतं.

मऊ चाकाची एक खास खोड आहे. ७८ए पीयूत थेट बेअरिंग बसवलं तर वळताना बैठक ताणते, बेअरिंग आत तिरपं होतं आणि चाक डुगडुगतं. पहिल्या चाकांत हे झालंच. मग ग्लास फायबर मिसळलेल्या नायलॉनचा गाभा साच्यात ठेवून त्याभोवती पीयू ओतायला सुरुवात केली. गाभा आधी खरवडून त्यावर प्रायमर लावावा लागतो. बोटाचं तेल लागलं तरी पकड जाते. हातमोजे न घालता गाभे हाताळले त्या दिवसाची सगळी चाकं भंगारात गेली.

आणि पुन्हा पावसाळा. पीयूतल्या आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. चाक कापलं की आत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. पण हा ओलावा फळीच्या ओलाव्यासारखा सबंध शेडभर पसरलेला नव्हता. तो डब्यात अडवता येत होता. उघडलेल्या ड्रममध्ये कोरडा नायट्रोजन सोडून झाकण लावायचं, बीडीओत मॉलिक्युलर सीव्हच्या, म्हणजे पाणी शोषणाऱ्या, गोळ्या टाकून ठेवायच्या, पाऊस चालू असताना ड्रम उघडायचाच नाही. हजार चौरस फुटांची खोली कोरडी ठेवण्यापेक्षा दोन ड्रम कोरडे ठेवणं परवडतं. मराठवाड्याच्या हवेत फळी की चाक, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

मधल्या काळात एका घाऊक व्यापाऱ्याने लहान मुलांसाठी कार्टूनच्या चित्राचे छोटे बोर्ड मोठ्या संख्येने मागितले. भैय्यांचं मन झालं होतं. पण १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा (बीआयएस) परवाना आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. बोर्ड क्रीडासाहित्य म्हणून विकायचा की खेळणं म्हणून, हे चित्र, आकार आणि डब्यावरचा मजकूर यांवरून ठरतं. खेळण्याच्या दुकानात खेळण्यासारखा दिसणारा बोर्ड ठेवून ‘हे क्रीडासाहित्य आहे’ म्हणायला तोंड राहिलं नसतं. ऑर्डर नाकारली. दादांचा त्या वर्षातला हा सर्वात नेमका निर्णय म्हणावा लागेल.

निकाल

बोर्डांची विक्री लहानच राहिली. क्लबांना आणि थोड्याफार कॉलेजच्या पोरांना, ८ ते ८.२५ इंच रुंदीच्या तयार फळीवर स्वतःच्या चाकांसह. चाकांचं मात्र निराळं झालं. स्केटिंग क्लबांनी विचारलं की चार चाकी स्केटसाठीही अशीच चाकं मिळतील का. ६०८ बेअरिंग घेणारे स्केट अनेक असल्याने साचा थोडा बदलून ते जमलं. गंमत अशी की युरेथेनचं चाक अमेरिकेत रोलर स्केटवरून स्केटबोर्डवर आलं होतं, इथं ते उलट दिशेने गेलं. क्लबांची मागणी वर्षभर टिकून राहते, कारण मुलं मोठी होतात, चाकं झिजतात आणि दर हंगामाला नवी लागतात. फळी मात्र एकदा घेतली की ग्राहक वर्षभर दुकानाकडे फिरकत नाही.

ट्रॉलीच्या चाकांचं जुनं काम चालूच आहे आणि पगार अजूनही त्यातूनच होतात. ३० टनी प्रेस पुन्हा बुश दाबायला लागला. उरलेल्या सिल्व्हर ओकच्या व्हिनियरचं काय करायचं ते ठरलं नाही. ते शेडच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, तुकडी मोसम बघून तपासायला हवी होती. फेब्रुवारीत यशस्वी झालेली पद्धत मे आणि ऑगस्टमध्ये यशस्वी होईलच असं नाही, हे शेतीत इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. साठ बोर्ड विकण्याआधी दहा बोर्ड तीन मोसमांत दाबून पाहिले असते, तर खर्च एक वर्षाचा झाला असता, पण नाव वाचलं असतं. घाई ऑलिम्पिकच्या चर्चेची होती. ती चर्चा चार वर्षांनी पुन्हा येणारच असते.

दुसरं आणि जास्त गंभीर: थर सुटायला लागल्यावर कंपनीने ज्यांनी तक्रार केली त्यांनाच बोर्ड बदलून दिले. बाकीच्यांना कळवलं नाही. उडी मारताना टोक सुटलं तर मनगट मोडतं, हे माहीत असताना सगळी तुकडी परत बोलवायला हवी होती. बोर्ड क्लबांमार्फत विकलेले असल्याने हे अवघडही नव्हतं. तीन प्रशिक्षकांना फोन केले असते तर बहुतेक बोर्ड सापडले असते. त्या वेळी खर्चाचा हिशेब पुढे आला. प्रत्यक्षात बोर्ड कमी होते आणि बदलायच्या फळ्या शेवटी बाहेरून आणल्याच. बोर्डावर तुकडीचा क्रमांक आणि दाबल्याची तारीख छापली असती तर मे महिन्यातले कुठले, हे लगेच कळलं असतं. आता चाकांच्या नायलॉन गाभ्यावर महिना-वर्षाचा ठसा असतो.

प्रेसचा दाब टोकांना पोचतो का, हे कार्बन पेपरने पाच मिनिटांत बघता येतं. साच्यात कोऱ्या कागदावर कार्बन ठेवून दाबायचं. जिथं ठसा फिका, तिथं दाब कमी. आय-बीम टाकायची कल्पना पहिल्या तुकडीआधीच सुचली असती. फळी पुन्हा कधी दाबायची झाली तर गोंद पहाटे पाच ते आठच्या दरम्यान लावणं, एका वेळी साच्यात एकच बोर्ड घेणं आणि काढल्यावर सात दिवस दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी उभी ठेवणं, एवढ्यानेही मे महिन्यातला अर्धा त्रास कमी होईल. डिसेंबरचा त्रास वेगळा: रात्री पारा १० अंशांवर गेला तर हाच गोंद नीट न जुळता खडूसारखा पांढरा पडतो.

वही लवकर वाचायला हवी होती, हे तर उघडच आहे. पण ती वाचली तरी चाकाचं उत्तर सुचलं असतंच असं नाही. दादांना पीयू म्हणजे कंपन्यांना पुरवायचा माल वाटत होता, स्वतःच्या नावाने विकायची वस्तू वाटत नव्हती. जॉबवर्कवर वाढलेल्या वाळूजच्या बऱ्याच शेडमध्ये हीच सवय आहे.

एक काम अजून बाकी आहे. पार्कमध्ये खेळणाऱ्यांना ५४ मिमी, ९९ए चाक हवं असतं, आणि आडवं घसरताना त्यावर सपाट डाग पडता कामा नये. आत्ताच्या मिश्रणात कडकपणा ९५एपर्यंत नेता आला. त्यापुढे चाक ठिसूळ होऊन घसरताना चपटं पडतं. जास्त एनसीओचं प्रीपॉलिमर मागवलंय. त्याला मुदत कमी मिळते, ओतायला जेमतेम तीन मिनिटं, म्हणून एका वेळी दोन किलोऐवजी सातशे ग्रॅमच मिसळावं लागेल आणि साचे सहा-सहाच्या गटात मांडावे लागतील. पहिली चाचणी पावसाळा संपल्यावर घ्यायची, हे मात्र यावेळी आधीच ठरलं आहे.